३४ वेळा पाडून बांधलेला सर्व्हर

आमच्या संस्थेच्या अंतर्गत कामकाजाचा सर्व्हर उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २०.०४ या आवृत्तीवर चालत होता. त्या आवृत्तीला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट मे २०२५ अखेर थांबणार, हे सर्वांना पाच वर्षे आधीपासून ठाऊक होते. तरीही नव्या सर्व्हरचा विषय बैठकीत निघाला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि काम माझ्याकडे आले. सर्व्हरवर एक संकेतस्थळ, एक पोस्टग्रेस डेटाबेस, दोन किरकोळ सेवा आणि रात्री चालणारा बॅकअप, एवढेच होते. पण तो गेल्या पाच वर्षांत तीन जणांनी हाताने घडवला होता, त्यांपैकी दोघे आता संस्थेत नव्हते, आणि मागे उरली होती ती ‘सर्व्हर नोंदी’ नावाची एक फाइल, जिच्यातल्या निम्म्या कमांडपुढे कंसात ‘बहुधा’ असे लिहिलेले होते.

मी सर्व्हर सांभाळत आले असले तरी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची, म्हणजे सर्व्हरची मांडणी लेखी सूचनांवरून आपोआप करणारी, साधने तोवर वापरली नव्हती. एप्रिल ते ऑगस्ट या काळात काय घडले, कोठे अडले आणि किती वेळ गेला, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. याच वाटेवर पहिल्यांदा निघालेल्या कोणाचे चार दिवस वाचले तर बरेच.

१६ एप्रिल रोजी मी बदल-विनंतीचा अर्ज भरला. कामाचे स्वरूप, सेवा किती काळ बंद राहील, बिघाड झाल्यास मागे कसे फिरणार, असे नेहमीचे रकाने होते आणि शेवटी ‘चाचणी कोठे व कशी केली’ असा एक रकाना होता. त्यात मी ‘नव्या सर्व्हरवरच, तो चालू करण्यापूर्वी’ असे लिहिले. तीन दिवसांनी अर्ज परत आला. शेरा असा होता: ‘चाचणी आणि प्रत्यक्ष काम एकाच यंत्रावर मान्य नाही. दुसऱ्या व्यक्तीला तोच सर्व्हर स्वतंत्रपणे उभा करता येतो, याचा पुरावा जोडावा.’ चाचणीसाठी वेगळा सर्व्हर महिनोन्‌महिने भाड्याने ठेवायला त्या तिमाहीत तरतूद नव्हती. त्या दिवशी मी बरीच चिडले होते. आज मात्र, या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी ठरलेले वाक्य तेच होते, हे कबूल करावे लागते.

तरतूद नाही म्हटल्यावर उरला माझा लॅपटॉप. साधन म्हणून अ‍ॅन्सिबल निवडले, कारण ज्या यंत्रावर काम करायचे तेथे एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) आणि पायथन ही भाषा यांखेरीज काहीही आधी बसवावे लागत नाही. पपेटसारख्या साधनात सहसा प्रत्येक सर्व्हरवर एक एजंट, म्हणजे सतत चालणारा छोटा प्रोग्राम, ठेवावा लागतो आणि एका सर्व्हरसाठी तो पसारा मला नको होता. चाचणीसाठी आधी कंटेनर, म्हणजे यजमान यंत्राचाच गाभा वापरणारे हलके कप्पे, वापरून पाहिले, कारण ते क्षणात उभे राहतात. त्यात अर्धा दिवस गेला. साध्या कंटेनरमध्ये सिस्टिमडी (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) चालत नसते, त्यामुळे सेवा सुरू करण्याची प्रत्येक पायरी अडत होती. फायरवॉलची चाचणी तेथे अर्थपूर्ण होत नव्हती. आणि यंत्र रीबूट करून पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. मला तपासायचे होते नेमके तेच तेथे नव्हते. तेव्हा लॅपटॉपच्या आत आभासी यंत्र (व्हीएम) चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स आणि त्याला आज्ञा देणारे व्हेग्रंट, अशी जोडी ठरवली. व्हेग्रंटच्या एका छोट्या फाइलमध्ये यंत्राची आवृत्ती, रॅम, प्रोसेसर आणि आयपी पत्ता लिहून ठेवला की एका कमांडने व्हीएम उभी राहते आणि दुसऱ्या कमांडने ती समूळ पाडता येते.

उभी राहते, असे आता म्हणते. पहिल्यांदा ती पाच दिवस उभी राहिली नाही. लॅपटॉपच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद होती आणि बायोसचा पासवर्ड तांत्रिक मदत-कक्षाकडे होता. तिकीट टाकले, दोन दिवसांनी ‘कारण स्पष्ट करा’ असे उत्तर आले, कारण कळवल्यावर आणखी तीन दिवस गेले. संस्थेचा लॅपटॉप वापरणाऱ्यांनी ही विनंती पहिल्याच दिवशी पाठवावी. त्यानंतर मी एका जुन्या धड्यातला १०.१०.१०.१० हा पत्ता उतरवून घेतला आणि व्हर्च्युअलबॉक्सने तो नाकारला. लिनक्स आणि मॅकवर ६.१.२८ या आवृत्तीपासून, वेगळी परवानगी लिहून ठेवल्याखेरीज, होस्ट-ओन्ली, म्हणजे केवळ लॅपटॉप आणि व्हीएम यांच्यातल्या, नेटवर्कसाठी १९२.१६८.५६.० पासून १९२.१६८.६३.२५५ पर्यंतचेच पत्ते चालतात. १९२.१६८.५६.२० असा पत्ता दिल्यावर काम झाले. तिसरी अडचण बॉक्सची, म्हणजे व्हेग्रंट ज्या तयार साच्यातून व्हीएम काढते त्याची होती. उबुंटूचे अधिकृत बॉक्स २४.०४ पासून प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे मी बेंटो प्रकल्पाचा बॉक्स घेतला. अधिकृत नसलेला बॉक्स आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर मिळणारी उबुंटूची प्रत यांत फरक असणार, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवले होते. लिहून ठेवले आणि विसरले.

मे महिन्याचा पहिला आठवडा प्लेबुकची, म्हणजे अ‍ॅन्सिबलला पायऱ्या सांगणाऱ्या फाइलीची, एकही ओळ न लिहिता गेला. जुन्या सर्व्हरवर नेमके काय आहे, हे शोधायचे होते. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ या कमांडने हाताने बसवलेल्या पॅकेजची यादी मिळाली, सिस्टिमडीकडून चालू सेवांची यादी मिळाली, कोणते पोर्ट कोणती सेवा ऐकते तेही मिळाले. सर्वांत जास्त उपयोग ‘डेबसम्स’चा झाला. पॅकेजसोबत आलेल्या कॉन्फिगरेशन फाइलींपैकी कोणत्या फाइली नंतर बदलल्या गेल्या आहेत, हे ते सांगते. माझ्या सर्व्हरवर अशा १४ फाइली निघाल्या आणि त्यांपैकी फक्त ५ नोंदींच्या फाइलीत होत्या. याशिवाय क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामे प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाने वेगवेगळी पाहावी लागतात. रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या क्रॉनमध्ये रोज पहाटे अपलोडच्या फोल्डरमधील ३० दिवसांपूर्वीच्या फाइली पुसणारी एक ओळ सापडली, जी कोणालाच माहीत नव्हती. ती नव्या सर्व्हरवर न्यायची की नाही, हे ठरवायला तीन ई-मेल आणि एक बैठक लागली. (नेली. ती नसती तर वर्षभरात डिस्क भरली असती.)

१२ मे रोजी प्लेबुक लिहायला घेतले. पहिला मसुदा म्हणजे नोंदींच्या फाइलीतील कमांड जशाच्या तशा ‘शेल’ मॉड्यूलमध्ये, म्हणजे दिलेली कमांड तशीच चालवणाऱ्या घटकात, डकवलेल्या. तो चालला, व्हीएमवर संकेतस्थळ दिसले आणि मी त्या दिवशी खुशीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी एक छोटा बदल करून तेच प्लेबुक पुन्हा चालवले, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि शुक्रवारी सहज म्हणून यंत्रांची नावे आणि पत्ते जुळवणारी होस्ट्स फाइल उघडली तर डेटाबेसच्या नावाची तीच ओळ तीत एकाखाली एक ११ वेळा होती. ‘इको’ने फाइलीच्या शेवटी ओळ जोडणारी कमांड प्रत्येक वेळी इमानेइतबारे जोडतच गेली होती.

अ‍ॅन्सिबलचा सारा डोलारा ‘आयडेम्पोटन्स’ या कल्पनेवर उभा आहे. प्लेबुक कितीही वेळा चालवले तरी यंत्र त्याच अवस्थेत पोहोचले पाहिजे आणि पोहोचलेले असेल तर काहीही बदलता कामा नये. व्याख्या मी आधी वाचली होती, पण कळली ती त्या ११ ओळी पाहून. त्यानंतर शेलच्या बहुतेक पायऱ्या काढून त्यांच्या जागी पॅकेज, फाइल, टेम्प्लेट, सेवा यांची स्वतंत्र मॉड्यूल घातली. जेथे कमांडला पर्यायच नव्हता तेथे ‘क्रिएट्स’ लिहून अमुक फाइल असेल तर ही पायरी गाळ, असे सांगितले. आणि स्वतःसाठी एक नियम केला: प्रत्येक प्लेबुक लागोपाठ दोनदा चालवायचे, आणि दुसऱ्या वेळी शेवटच्या गोषवाऱ्यात ‘चेंज्ड’पुढे शून्यच आले पाहिजे. हे शून्य यायला मला १९ दिवस लागले. शेवटपर्यंत हटवादीपणा करणारी पायरी होती ती एका फोल्डरच्या परवानग्यांची. एक पायरी त्या बदलत होती आणि पुढची पायरी पूर्ववत करत होती, त्यामुळे दोन्ही पायऱ्या दर वेळी ‘चेंज्ड’ दाखवत होत्या. अशी भांडणे एकदा चालवून कधीच दिसत नाहीत.

तरीही शून्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, हा धडा २९ मे रोजी मिळाला, आणि तो जरा सविस्तर सांगते, कारण संपूर्ण प्रवासात मला सर्वांत जास्त चकवले ते याच घटनेने. एनजिनएक्स या वेब-सर्व्हरच्या टेम्प्लेटमध्ये (कॉन्फिगरेशन फाइलीच्या साच्यात) मी अपलोडची कमाल मर्यादा वाढवली होती. फाइल बदलली की सेवा पुन्हा सुरू करणारा हँडलर त्या पायरीला जोडलेला होता. प्लेबुक चालवले, टेम्प्लेटची पायरी पिवळ्या रंगात ‘चेंज्ड’ झाली, पण आठ पायऱ्यांनंतर एका फाइलीच्या नावातील माझ्या टंकनचुकीमुळे प्लेबुक लाल होऊन थांबले. चूक दुरुस्त केली, पुन्हा चालवले, सगळे हिरवे. संकेतस्थळावर मोठी फाइल चढवून पाहिली तर जुन्याच मर्यादेची तक्रार. यंत्रावर जाऊन फाइल पाहिली तर नवी मर्यादा लिहिलेली. प्लेबुक पुन्हा चालवले, पुन्हा सगळे हिरवे. संध्याकाळी सहापासून साडेनऊपर्यंत मी ब्राउझर, टेम्प्लेट, अ‍ॅप्लिकेशन या सर्वांवर संशय घेतला.

घडले होते ते असे. हँडलर जागच्या जागी चालत नाही. तो सर्व पायऱ्या संपल्यावर, अगदी शेवटी चालतो. पहिल्या खेपेला मधेच प्लेबुक थांबल्याने तो चाललाच नाही. दुसऱ्या खेपेला फाइल आधीच बदललेली असल्याने टेम्प्लेटची पायरी ‘ओके’ झाली, आणि बदल नाही म्हणून हँडलरला निरोपही गेला नाही. फाइल नवी, पण चालू असलेली सेवा मात्र जुनेच वाचून बसलेली. यावर दोन उपाय आहेत: ‘फोर्स-हँडलर्स’ हा पर्याय लावणे, किंवा महत्त्वाच्या टप्प्यावर ‘फ्लश हँडलर्स’ लिहून साचलेले हँडलर तेथेच चालवून घेणे. मी दोन्ही केले. पण खरा उपाय म्हणजे व्हीएम पाडून कोऱ्या अवस्थेपासून सर्व पुन्हा चालवणे, कारण मधल्या अवस्थांचा असा गाळ त्याखेरीज निघत नाही. त्या रात्रीपासून रोज काम संपवताना ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ आणि ‘व्हेग्रंट अप’ करण्याची सवय लावून घेतली आणि वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक वेळची एक रेघ मारू लागले.

कोऱ्या व्हीएमपासून चालू संकेतस्थळापर्यंत माझ्या लॅपटॉपवर ११ मिनिटे लागत. त्यांपैकी बराच वेळ पॅकेज उतरवण्यात जाई, म्हणून लॅपटॉपवर उतरवलेली पॅकेज साठवून ठेवणारी ‘एपीटी-कॅशर-एनजी’ ही प्रॉक्सी बसवली आणि वेळ ७ मिनिटांवर आला. येथे एक काळजी घ्यावी: या प्रॉक्सीचा पत्ता व्हेग्रंटच्या फाइलीतच ठेवावा, प्लेबुकमध्ये नको, नाहीतर उद्या खरा सर्व्हर तुमच्या लॅपटॉपकडे पॅकेज मागत बसेल.

रोज सात मिनिटेही नकोशी वाटली तेव्हा स्नॅपशॉटचा, म्हणजे व्हीएमची त्या क्षणीची अवस्था जतन करून तिच्यावर परतण्याचा, मोह झाला. स्नॅपशॉट वाईट नव्हेत. एखादी धोक्याची पायरी करण्याआधी घेतलेला स्नॅपशॉट फार उपयोगी पडतो. पण चालू अवस्थेत घेतलेल्या नऊ दिवसांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर मी परत गेले, तेव्हा ‘रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही’ असे सांगून पॅकेजची यादी अद्ययावत होईना. व्हीएमचे घड्याळच नऊ दिवस मागे होते, म्हणून तिच्या दृष्टीने पॅकेजची यादी भविष्यातली होती. घड्याळ जुळवल्यावर अडचण मिटली. दुसरी एक किरकोळ पण घाबरवणारी गोष्ट म्हणजे व्हीएम नव्याने बांधली की तिची एसएसएचची ओळख बदलते आणि आपला लॅपटॉप मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना देतो. त्या पत्त्याची जुनी नोंद तेवढी ‘एसएसएच-कीजेन’च्या मोठ्या ‘आर’ पर्यायाने काढावी. बरेच जण ही तपासणीच कायमची बंद करून टाकतात. तसे करू नये, कारण तीच सवय खऱ्या सर्व्हरपर्यंत जाते.

जूनच्या मध्याला सुरक्षेच्या भागाकडे वळले. फायरवॉलची पायरी लिहिताना मी आधी यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल चालू केली आणि एसएसएचला वाट देणारा नियम त्याखालच्या पायरीत लिहिला. शिवाय त्या नियमात पोर्टचा क्रमांक चुकवला. गंमत अशी की प्लेबुक शेवटपर्यंत हिरवे गेले. अ‍ॅन्सिबल एकदा उघडलेली एसएसएच जोडणी पुन्हापुन्हा वापरते आणि काम संपल्यावरही साधारण ६० सेकंद उघडी ठेवते. आधीची जोडणी फायरवॉलने तोडली नाही, नव्या जोडण्या मात्र बंद केल्या. पाणी पिऊन परत आले आणि दुसरी खेप चालवली तर ‘अनरीचेबल’. व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी उघडून, जणू कीबोर्ड जोडला आहे असे, आत शिरले आणि फायरवॉल बंद केली. दूरच्या सर्व्हरवर हेच घडले असते तर पुरवठादाराच्या वेब-कन्सोलची वाट शोधावी लागली असती, तीही त्याने दिली असेल तर. व्हीएम आपल्याला फार सांभाळून घेते. तिचा हा चांगुलपणा मला आवडू लागला होता आणि पुढे तोच नडला.

पासवर्डने होणारे लॉगिन बंद करून केवळ कीने, म्हणजे किल्लीसारख्या फाइलीने, प्रवेश ठेवायचा, ही आमच्या संस्थेची अट. मी एसएसएचच्या मुख्य फाइलीत ती ओळ टेम्प्लेटने लिहिली, फाइल जागेवर जाण्याआधी ‘एसएसएचडी -टी’ने तपासून घेण्यासाठी ‘व्हॅलिडेट’ लावले, व्हीएमवर पासवर्डने शिरण्याचा प्रयत्न केला आणि नकार मिळाल्यावर समाधानाने पुढे गेले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्लेबुक माझ्या दृष्टीने पूर्ण झाले. अर्ज पुन्हा भरण्याआधी रंगीत तालीम म्हणून, तासाच्या हिशेबाने मिळणारा एक छोटा क्लाउड सर्व्हर चार तासांसाठी घ्यायची परवानगी मागितली. एवढ्या खर्चाला वरिष्ठांची एक सही पुरली आणि बिल इतके किरकोळ आले की त्याची नोंद करायला लागलेला वेळ त्याहून महाग पडला असेल. ९ जुलैच्या सकाळी सुरुवात केली. १३ वेळा सलग हिरवे गेलेले प्लेबुक तेथे पहिल्याच पायरीवर पडले.

आधी सूडोचा (रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याच्या सोयीचा) पासवर्ड नाही अशी तक्रार. व्हेग्रंटच्या व्हीएममध्ये ‘व्हेग्रंट’ नावाचा वापरकर्ता असतो आणि त्याला सूडोसाठी पासवर्ड लागत नाही. माझ्या प्लेबुकने हे न सांगता गृहीत धरले होते. ते निस्तरल्यावर पॅकेजचे कुलूप दुसऱ्याच कोणी धरून ठेवले आहे, असा निरोप. नवा क्लाउड सर्व्हर सुरू होताच पहिली काही मिनिटे स्वतःची मांडणी आणि अपडेट करत असतो, तेव्हा आपण मधे घुसता कामा नये. ही मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटचे काम पूर्ण होईपर्यंत थांबणारी एक पायरी सुरुवातीला घातली, आणि कुलूप सुटण्याची वाट पाहण्याचा एपीटी मॉड्यूलचा ६० सेकंदांचा मूळ अवधी वाढवून ३०० केला. त्यानंतर प्लेबुक पूर्ण झाले, दुसरी खेप शून्य बदलांची गेली, संकेतस्थळ दिसले. शेवटी केवळ यादीत लिहिले होते म्हणून पासवर्डने लॉगिन करून पाहिले.

सर्व्हरने पासवर्ड विचारला. टाकला. आत घेतले.

उबुंटूच्या एसएसएच फाइलीत अगदी वर एक ‘इन्क्लूड’ची ओळ असते, ती ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या फोल्डरमधील फाइली नावाच्या क्रमाने आधी वाचून घेते. आणि एसएसएचचा नियम असा की एखादी सूचना अनेकदा आली तर पहिली लागू होते, शेवटची नव्हे. या क्लाउड सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये ५० या आकड्याने सुरू होणारी, क्लाउड-इनिटने ठेवलेली फाइल होती आणि तीत पासवर्डला परवानगी होती. खाली मुख्य फाइलीत मी कितीही ‘नो’ लिहिले तरी ते वाचण्याआधी निर्णय झालेला होता. माझ्या बॉक्समध्ये ही फाइल नव्हती, म्हणून व्हीएमने मला महिनाभर प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर दिले. ‘व्हॅलिडेट’नेही काही पकडले नाही, कारण फाइलीचे व्याकरण बरोबरच होते. आता माझी सूचना ०० ने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलीत त्याच फोल्डरमध्ये जाते. शिवाय प्लेबुकच्या शेवटी ‘एसएसएचडी’ला मोठ्या ‘टी’ पर्यायाने विचारून, प्रत्यक्षात लागू असलेली किंमत ‘नो’ आहे की नाही हे तपासणारी पायरी आहे. नसेल तर प्लेबुक तेथेच थांबते. ही पायरी केवळ वाचणारी असल्याने तिला ‘चेक’ (काहीही न बदलता केवळ पाहणाऱ्या) अवस्थेतही चालण्याची सूट द्यावी लागली, नाहीतर त्या अवस्थेत कमांड गाळली जाते, तिचे उत्तर रिकामे येते आणि पुढची पायरी विनाकारण पडते.

त्या दिवसानंतर व्हेग्रंटच्या फाइलीत मी एक ‘खोडकर’ भाग लिहिला. तो व्हीएम उभी राहताच तीच ५० क्रमांकाची फाइल मुद्दाम ठेवतो, पासवर्ड लागणारा वेगळा सूडो वापरकर्ता तयार करतो आणि अ‍ॅन्सिबलला त्याच्याच नावाने आत यायला लावतो. व्हीएम कमी प्रेमळ केली, एवढेच. मग रीबूटही यादीत घेतले. पॅकेजसोबत आलेल्या एनजिनएक्स आणि पोस्टग्रेस या सेवा रीबूटनंतर आपणहून उठल्या. आमची स्वतःची सेवा उठली नाही, कारण तिच्या पायरीत ‘स्टार्टेड’ लिहिले होते आणि ‘एनेबल्ड’ राहून गेले होते. हे प्रत्यक्ष सर्व्हरवर कळले असते ते कदाचित सहा महिन्यांनी, एखाद्या मध्यरात्रीच्या रीबूटनंतर.

गुपितांबद्दल थोडक्यात. डेटाबेसचे पासवर्ड अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये, म्हणजे कूटबद्ध फाइलीत, ठेवले. चाचणीची आणि प्रत्यक्षाची इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी) वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, दोन्हींचे पासवर्ड वेगळे ठेवले. इन्व्हेंटरीचे नाव न देता प्लेबुक चालवले तर ते नेहमी चाचणीच्या व्हीएमवरच जावे, अशी मांडणी केली. याला कारण आहे, पण ते सांगण्यासारखे नाही. वेळीच कंट्रोल-सी दाबले होते, एवढेच.

२१ जुलैला अर्ज दुसऱ्यांदा भरायला घेतला. ‘दुसऱ्या व्यक्तीला स्वतंत्रपणे’ या अटीसाठी एका सहकाऱ्याला रिपॉझिटरीचा (प्लेबुकच्या फाइली ठेवलेल्या जागेचा) पत्ता आणि दीड पानाची सूचना-फाइल दिली आणि मी त्याच्या शेजारी बसायचे नाही, असे ठरले. पाऊण तासात त्याचा निरोप आला: ‘मॅडम, पोस्टग्रेसचे मॉड्यूलच सापडत नाही म्हणतो आहे.’ माझ्या लॅपटॉपवर पोस्टग्रेसचे अ‍ॅन्सिबल कलेक्शन (मॉड्यूलचा संच) मे महिन्यातच कधीतरी बसवलेले होते आणि आवश्यक गोष्टींच्या फाइलीत त्याचे नाव लिहायचे राहिले होते. सर्व्हर मी तोवर ३१ वेळा पाडून बांधला होता. लॅपटॉप एकदाही नाही. कलेक्शनचे नाव आवृत्तीसह लिहिले, अ‍ॅन्सिबलची आवृत्तीही नोंदवली. दुसऱ्या प्रयत्नात त्याला त्याच्या यंत्रावर १६ मिनिटे लागली. त्याच्याकडचे दोन्ही खेपांचे गोषवारे, दुसऱ्यात ‘चेंज्ड’ शून्य असलेले, अर्जाला जोडले. सहा कामकाजाच्या दिवसांनी मंजुरी आली. शनिवार, ९ ऑगस्ट, रात्री १० ते १२.

दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे संकेतस्थळाचा जुना पत्ता इतरांकडे साठून राहण्याचा अवधी, ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला. शनिवारी दुपारीच नव्या सर्व्हरवर प्लेबुक चालवून ठेवले होते, त्यामुळे रात्रीचे काम म्हणजे जुन्या सर्व्हरवर नव्या नोंदी लिहिणे बंद करणे, डेटाबेस हलवणे आणि पत्ता बदलणे. प्लेबुककडून काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो डेटाबेसचा. व्हीएममध्ये मी नेहमी नमुन्यादाखल घेतलेला छोटा डेटा वापरत आले होते, जो ४० सेकंदांत चढत असे. खरा डेटा चढायला ५२ मिनिटे लागली आणि त्यांतली पहिली वीस मिनिटे, तो अडकला आहे की चालू आहे, हेच कळत नव्हते. तालमीच्या दिवशी पूर्ण आकाराचा डेटा घेऊन वेळ मोजली असती तर मुदतीच्या रकान्यात दोनऐवजी तीन तास लिहिले असते. ११ वाजून ४० मिनिटांनी संकेतस्थळ नव्या पत्त्यावर दिसले, पासवर्डने शिरण्याचा प्रयत्न केला, नकार मिळाला, रीबूट केले, सर्व सेवा उठल्या. मुदतीत २० मिनिटे उरली होती.

जुना सर्व्हर तीन आठवडे केवळ वाचण्यापुरता चालू ठेवला. या काळात एकच तक्रार आली: एका विभागाला रात्री येणारा अहवालाचा ई-मेल येत नव्हता. तो पाठवणारी स्क्रिप्ट एका माजी कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक क्रॉनमध्ये होती. मे महिन्यात मी केलेल्या क्रॉनच्या यादीतून ते खाते सुटले, कारण ते निष्क्रिय आहे असे समजून मी ते तपासलेच नव्हते. ती स्क्रिप्ट प्लेबुकमध्ये घेतली, व्हीएम पुन्हा पाडून बांधली, दोनदा चालवली, मग नव्या सर्व्हरवर चालवली. वहीतली ती ३४ वी रेघ. १ सप्टेंबर रोजी जुना सर्व्हर बंद केला आणि अर्जातील ‘काम पूर्ण झाल्याची तारीख’ हा रकाना भरून फाइल परत पाठवली.